हेडसेट घालून सीटी, मायक्रो-सीटी आणि कॉन्फोकलचा डेटा बघणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या कॉलेजांमधून, लॅबमधून, कृषीवाल्यांकडून आणि आता डॉक्टर मंडळींकडूनही व्हीआरबद्दल, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल, जे प्रश्न परत परत येतात ते इथं एका जागी टाकलेत. सोपे वर, डोकं खाणारे खाली. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, नुसता नंबर दिलाय, तिथं जाऊन वाचा. आणि "कोणता हेडसेट घेऊ" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो पण माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, आधी तुमचा डेटा कसाय ते बघा.

१. हे नेमकं हाय तरी काय? गेमच्या चष्म्यात सीटी स्कॅन बघायचा का?

हो, तोच गेमचा हेडसेट. सीटी, एमआरआय, मायक्रो-सीटी म्हणजे बारक्या नमुन्याचा लई बारकाईनं काढलेला सीटी, कॉन्फोकल म्हणजे लेसरनं थर थर बघणारा मायक्रोस्कोप, ह्या सगळ्यांतून शेवटी हातात येतात त्या एकावर एक बसणाऱ्या स्लाइस. त्या नीट रचल्या की ठोकळा तयार होतो, त्याला व्हॉल्यूम म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक बारक्या घनाला, म्हणजे व्हॉक्सेलला, एक आकडा असतो. सॉफ्टवेअर हा ठोकळा डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळा काढतं, डोकं हललं की लगेच नवीन काढतं, म्हणून ती वस्तू समोर हवेत ठेवल्यासारखी दिसते आणि हातातल्या कंट्रोलरनं ती धरता, फिरवता, मोठी करता, मधून कापता येते.

२. मॉनिटरवर पण थ्रीडी फिरवता येतं की. मग एवढा खटाटोप कशाला?

बऱ्याच कामांना खरंच गरज नाही. गाठ किती मिलीमीटरची हे बघायचं असेल तर साध्या स्लाइस बऱ्या. व्हीआरचा फायदा होतो तो गुंतागुंतीच्या, एकमेकांत घुसलेल्या आकारांना. उदाहरण आपल्याच दगडाचं घ्या. विहीर खोदताना निघतो तो पोकळ्यांचा बेसाल्ट, त्याचा सुपारीएवढा तुकडा मायक्रो-सीटीत घातला तर दगड उजळ येतो, पोकळी काळी येते आणि पोकळीच्या भिंतीवर वाढलेलं झिओलाइट नावाचं स्फटिकी खनिज मधल्या राखाडी रंगात येतं. मॉनिटरवर हे सगळं एकावर एक पडून नुसता गोंधळ दिसतो. हेडसेटमध्ये तोच तुकडा खोलीएवढा करून एका पोकळीत डोकं घालायचं, मग चारी बाजूंनी स्फटिक आत आलेले दिसतात आणि डावीकडच्या कोपऱ्यातून पलीकडच्या पोकळीत जाणारं अरुंद तोंड सापडतं, जे स्लाइसमध्ये दोन ठिपक्यांएवढंच होतं. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का नाहीत ह्यावर त्या दगडातून पाणी जातं का नाही हे ठरतं, आणि आपल्याकडं तर सगळा संसारच ह्या दगडावर. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर जे ६१७ मीटरचं बोअर घेतलं त्यात वरचे ३३८ मीटर बेसाल्टच होता.

पण "तोंड सापडलं" म्हणजे ते खरंच आहे असं नाही हां. ते प्रश्न १२ मध्ये.

३. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि फुकट कोणतंय?

चांगली बरीच फुकटच आहेत. मेडिकल डेटा असेल तर थ्रीडी स्लायसर, त्यात एक्स्टेन्शन मॅनेजरमधून स्लायसर व्हर्च्युअल रिॲलिटी टाकायचं. सिम्युलेशनचा किंवा दगड-मातीचा डेटा असेल तर पॅराव्ह्यू, त्यातलं एक्सआर इंटरफेस प्लगइन चालू करायचं. प्रोटीन, क्रायो-ईएम म्हणजे गोठवलेल्या नमुन्याचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढलेलं चित्र, असलं काही असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसवाल्यांचं कायमेराएक्स, ते शिक्षण-संशोधनाला फुकट आहे, कंपनीच्या कामाला लायसन्स लागतं. जीवाश्म आणि मायक्रो-सीटीवाल्यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं दृष्टी पण बघून ठेवावं, अजय लिमये यांनी केलेलंय, ओपन सोर्स आहे, आणि हेडसेट नसला तरी साफसफाई आणि कापाकापीला भारी पडतं. पैसे देऊन घ्यायची पण आहेत, पण आपल्या कॉलेजच्या बजेटात त्याचा विचार नंतर.

४. नवीन व्हर्जनमध्ये ओपनएक्सआर आलं म्हणतात. त्यानं आपल्याला काय फरक पडतो?

लई फरक पडतो. आधी प्रत्येक कंपनीच्या हेडसेटची भाषा वेगळी, त्यामुळं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एक धरायची आणि बाकीच्यांनी बोंबलत बसायचं. बहुतेकांनी स्टीमव्हीआरचं, म्हणजे पीसीवर हेडसेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, ओपनव्हीआर धरलेलं. क्रोनोस ग्रुप ह्या कंपन्यांच्या संघटनेनं २०१९ला ओपनएक्सआर १.० काढलं, म्हणजे सगळ्या हेडसेटसाठी एकच ठरवलेली पद्धत. पॅराव्ह्यूमध्ये आता ओपनव्हीआर आणि ओपनएक्सआर दोन्ही एकाच प्लगइनमधून निवडता येतात, स्लायसरच्या एक्स्टेन्शनमध्ये पण ओपनएक्सआरचा पर्याय आलाय. तुमचं जुन्या पद्धतीनं नीट चालत असेल तर उगं हात लावू नका. कंट्रोलरची बटणं उलटीसुलटी चालत असतील किंवा हेडसेट ओळखतच नसेल तर मात्र सेटिंगमध्ये जाऊन दुसरा पर्याय लावून बघा, मला येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

५. ओएलएक्सवर स्वस्तात हेडसेट मिळायलाय, घेऊ का?

आधी बॉक्सवर नाव वाचा. विंडोज मिक्स्ड रिॲलिटी लिहिलेलं असेल तर घेऊ नका. विंडोज ११च्या २४एच२ अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्टच काढून टाकलाय, म्हणून तर ते स्वस्त मिळतात. होलोलेन्स २ हा मायक्रोसॉफ्टचाच दुसरा हेडसेट कुठं दिसला तर त्याचं उत्पादन २०२४ला बंद झालंय. स्लायसर त्याला रिमोटिंगनं, म्हणजे पीसीवरून चित्र पाठवून, जोडता येतं, पण नवीन लॅब त्याच्या भरवशावर उभी करायची नाही. मेटा कंपनीचा क्वेस्ट २ किंवा ३ जुना मिळाला तर चालतो, फक्त लेन्सच्या आत डाग आहे का बघा, का बघायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. क्वेस्ट नुसता चालतो की, मग पीसी कशाला सांगता?

क्वेस्टच्या आत मोबाइलसारखी चिप आहे. गेम चालतो कारण गेममध्ये सगळं पृष्ठभागाचं असतं, आत पोकळ. आपल्या डेटात आतला कण न् कण मोजायचा असतो, ते त्याच्या आवाक्यात नाही. त्यामुळं हिशोब पीसी करतो आणि हेडसेट नुसता दाखवतो, लिंक केबलनं किंवा एअर लिंकनं म्हणजे वायफायवरून. एअर लिंकसाठी राउटर ५ गिगाहर्ट्झचा हवा आणि पीसी त्याला वायरनं जोडलेला हवा, चित्र राउटरवरूनच जातं, त्यामुळं "आमचं नेट स्लो आहे" हे कारण इथं चालत नाही.

एक पळवाट आहे. व्हॉल्यूममधून हवा तो भाग वेगळा काढून त्याचा पृष्ठभाग जीएलबी फाइल म्हणून काढला की तो नुसत्या क्वेस्टवर उघडतो. वर्गात दाखवायला मस्त. पण मग आतलं काही दिसणार नाही आणि थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या आकड्यापासून वस्तू धरायची ती हद्द, बदलता येणार नाही.

७. पीसी कसला लागतो? आमच्याकडं ऑफिसचा आय-५ आहे.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर ऑफिसचा पीसी विसरा. मुख्य खर्च कार्डाचा, आणि कार्डात पण त्याच्या मेमरीचा. हिशोब सोपाय: लांबी गुणिले रुंदी गुणिले स्लाइस, आणि १६ बिटचा डेटा असेल तर गुणिले २ बाइट. ५१२ बाय ५१२च्या ५०० स्लाइसचा साधा सीटी २६० एमबीच्या आसपास, कुठल्याही बऱ्या कार्डात बसतो. १०२४चा घन म्हणजे २ जीबी. साधी रॅम वेगळी, स्लायसरवाले स्वतःच सांगतात की डेटाच्या दहापट रॅम धरा. विंडोजच घ्या, स्लायसरचं व्हीआर तिथंच चालतं, मॅकवाल्यांनी सध्या मॉनिटरवरच समाधान मानावं.

आणि स्लायसरमध्ये रेंडरिंग सीपीयूवर ठेवून "हँग व्हायलंय" म्हणून फोन करू नका, व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये जीपीयू रे कास्टिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र काढायचा पर्याय, निवडलंय का ते आधी बघा.

८. आमची मायक्रो-सीटीची फाइल १६ जीबीची आहे, कार्ड ८ जीबीचं. काहीच होणार नाही का?

होतं की. २०००च्या घनाची १६ बिटची फाइल बरोबर १६ जीबी होते. तिन्ही बाजूंनी निम्मी केली की आठवा हिस्सा राहतो, म्हणजे २ जीबी. आधी ही बारकी फाइल हेडसेटमध्ये बघायची, कुठं काय आहे ते शोधायचं, मग फक्त तेवढाच तुकडा क्रॉप करून पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उघडायचा. स्लायसरमॉर्फ एक्स्टेन्शनमधलं इमेजस्टॅक्स मॉड्यूल लोड करतानाच लहान करून घेतं आणि पाहिजे तेवढाच भाग उचलतं, त्यामुळं १६ जीबी रॅममध्ये आणायचीच गरज पडत नाही. मला विचाराल तर कार्डावर पैसे घालायच्या आधी ही सवय लावून घ्यावी.

ओएमई-झार नावाचा फॉरमॅट हल्ली ऐकू येतो, विशेषतः मायक्रोस्कोपवाल्यांकडून. त्यात हेच काम आधीच करून ठेवलेलं असतं, डेटा छोट्या छोट्या तुकड्यांत कापलेला आणि प्रत्येकाच्या बारीक-मोठ्या आवृत्त्या सोबत, सॉफ्टवेअर लागेल तेवढाच तुकडा उचलतं. एक धोका ध्यानात ठेवा, लहान केलेल्या फाइलमध्ये बारीक भेगा आणि अरुंद तोंडं पुसून जातात, त्यामुळं तिच्यावरून "इथं काही नाही" असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

९. सर, कवटी भाकरीसारखी चपटी दिसायलीय. सॉफ्टवेअर खराब आहे का?

सॉफ्टवेअर ठीक आहे, त्याला स्लाइसमधलं अंतर माहीत नाही. स्लाइसच्या आत पिक्सेल अर्ध्या मिलीमीटरचा असतो आणि दोन स्लाइसमध्ये समजा ५ मिलीमीटर अंतर असतं. डायकॉम म्हणजे स्कॅन मशीनची मूळ फाइल, तिच्यात ही माहिती आतच लिहिलेली असते. टिफ किंवा जेपीजी करून आणली की ती गळते, मग सॉफ्टवेअर सगळीकडं सारखंच अंतर धरून चालतं आणि कवटी दबते. कॉन्फोकलवाल्यांचं पण हेच, आडवा पिक्सेल ०.२ मायक्रॉन आणि खालीवर १ मायक्रॉन असेल तर गोल पेशी पाचपट चपटी होणार.

उपाय म्हणजे लोड करताना स्पेसिंगचे तिन्ही आकडे स्वतः भरा, फिजी ह्या मायक्रोस्कोपवाल्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असाल तर इमेजच्या प्रॉपर्टीजमध्ये. आकडे स्कॅन करणाऱ्याकडूनच घ्या. अंदाजानं "बरी दिसायलीय आता" करून भरलेला आकडा सगळ्यात वाईट, कारण चित्र छान दिसतं आणि मापं सगळी चुकतात.

१०. स्कॅन सेंटरनं सीडी दिलीय, किंवा फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर आहे. चालेल का?

सीडी चालेल, पण त्यातलं डायकॉमचं फोल्डर पाहिजे, सोबत दिलेले जेपीजी नाही. फिल्मचा फोटो नाही चालणार. सीटीमध्ये पाणी ० आणि हवा उणे १००० अशी मोजपट्टी असते, फोटोत ती सगळी जाते आणि फक्त काळं-पांढरं उरतं. सेंटरवाल्याला "डायकॉम द्या, पातळ स्लाइसवाली सिरीज द्या" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर ५ मिलीमीटरची जाड सिरीज हातात पडते.

११. लाल रक्तवाहिन्या, पांढरं हाड दिसतं ते रंग खरे असतात का?

नाही. मशीन नुसता आकडा देतं. कोणत्या आकड्याला कोणता रंग आणि किती पारदर्शकपणा हे ट्रान्सफर फंक्शन ठरवतं, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या आधी कुणीतरी ठेवलेला प्रीसेट. म्हणून सीटीचा हाडाचा प्रीसेट बेसाल्टला लावला तर दगड हाडासारखा दिसतो आणि सगळे वाहवा करतात. एमआरआयला तर सीटीसारखी ठरलेली मोजपट्टीच नाही, तिथं प्रीसेट दर वेळी हातानं सरकवावा लागतो. हेडसेटमध्ये असतानाच हे सरकवता आलं तर उत्तम, पण अजून बहुतेक ठिकाणी मॉनिटरवर दुसरं कुणीतरी बसून सरकवतं आणि आतला माणूस "थोडं अजून, थोडं मागं" म्हणत बसतो.

१२. हेडसेटमध्ये घेतलेलं माप पेपरमध्ये टाकता येतं का? आणि दोन पोकळ्या जोडलेल्या दिसतात, त्या खऱ्या जोडलेल्या समजायच्या का?

वस्तू हेडसेटमध्ये कितीही मोठी करा, माप डेटाच्याच एककात येतं, त्यामुळं त्याची भीती नको, फक्त प्रश्न ९ मधलं स्पेसिंग बरोबर पाहिजे. भीती दुसरीकडं आहे. एक म्हणजे हवेत हात थरथरतो. दुसरं, व्हॉक्सेल १० मायक्रॉनचा असेल तर ८ मायक्रॉनचं माप हे माप नव्हेच. तिसरं, आणि ह्याच्यावर लोक सारखे आपटतात, कडा कुठं आहे हे थ्रेशोल्ड ठरवतो.

प्रश्न २ मधलं ते अरुंद तोंड घ्या. तिथं एकाच व्हॉक्सेलमध्ये अर्धा दगड आणि अर्धी हवा आली की आकडा दोन्हींच्या मधला येतो. थ्रेशोल्ड जरा वर नेला की तो व्हॉक्सेल पोकळीत धरला जातो आणि दोन पोकळ्या जोडल्या जातात, जरा खाली आणला की मधे भिंत उभी राहते. दगड तोच, पण एका सेटिंगला पाणी जातंय आणि दुसऱ्याला अडतंय. वर झिओलाइटचा राखाडी रंग नेमका ह्याच मधल्या आकड्यांत येतो, म्हणजे अजून घोळ. म्हणून असं काही सापडलं की तिथं खूण करायची, हेडसेट काढायचा आणि त्याच जागेच्या मूळ स्लाइस तिन्ही बाजूंनी बघायच्या. मग थ्रेशोल्ड थोडा वरखाली करून जोड टिकतो का ते बघायचं. टिकला तर लिहा, नाही टिकला तर जास्त रिझोल्यूशनचा स्कॅन लागणार.

१३. एआय आपोआप अवयव वेगळे करतं म्हणे. मग हातानं रंगवायची कटकट संपली का?

माणसाच्या सीटीसाठी बरीचशी संपली. टोटलसेगमेंटेटर स्लायसरमध्ये एक्स्टेन्शन म्हणून येतं, शंभरावर अवयव आणि हाडं वेगळी करून देतं, आणि नंतर एमआरआयसाठी पण आलंय. ते वेगवेगळ्या रंगांत हेडसेटमध्ये बघायला खरंच मजा येते. पण ते शिकलंय माणसाच्या स्कॅनवर. तुरीच्या दाण्यातली अळी किंवा सोयाबीनच्या बियाण्यातली भेग त्याला कळणार नाही, तिथं थ्रेशोल्ड आणि ब्रशच. आणि माणसातसुद्धा मोठी गाठ, ऑपरेशन झालेलं पोट, धातूची प्लेट असली की चुकतं, तेही अगदी गुळगुळीत, खरं वाटेल असं चुकतं.

१४. हेडसेट घातला की गरगरायलंय, मळमळायलंय. माझ्यातच काही खोट आहे का?

तुमच्यात काही नाही. डोळे सांगतात हललो, कान सांगतात नाही हललो, ह्यातून ते होतं. चित्र सेकंदाला ९० वेळा यायला पाहिजे, म्हणजे एका चित्राला ११ मिलीसेकंद, आणि जड व्हॉल्यूम तेवढ्यात होत नाही. स्लायसरच्या व्हीआर मॉड्यूलमध्ये मोशन सेन्सिटिव्हिटी नावाची पट्टी आहे, ती वाढवली की डोकं हलतंय तोवर चित्राची क्वालिटी कमी करतं आणि थांबलात की परत साफ करतं. सुरुवातीला ती वरच ठेवा. जॉयस्टिकनं उडत फिरू नका, जागेवर उभं राहून डेटा हातांनी ओढा. आणि त्रास सुरू झाला की लगेच काढा, दम धरून बसल्यानं जास्त होतं.

१५. नांदेडचे सर आणि संभाजीनगरचे विद्यार्थी एकाच डेटात एकत्र शिरू शकतात का?

हो, आणि नवीन फीचरमध्ये मला सगळ्यात कामाचं हेच वाटतं. पॅराव्ह्यूमध्ये कोलॅबोरेशन सर्व्हर लावून सगळे एकाच जागी येतात, समोरच्याचं डोकं आणि हात दिसतात, बोट दाखवून "हे बघा" म्हणता येतं. डेटा मात्र आधी प्रत्येकानं आपापल्या पीसीवर उघडून घ्यायचा. मोठी फाइल आदल्या दिवशी पेन ड्राइव्हनं पोचवा. कायमेराएक्समध्ये मीटिंग नावाची कमांड आहे, तिथं यजमानाचं सेशन जोडणाऱ्याकडं आपोआप जातं, सोपं पडतं, पण मग सेशन हलकं ठेवा. आवाजासाठी सरळ फोन लावा.

१६. उन्हाळ्यात आणि लाईट गेल्यावर काय काळजी घ्यावी?

लेन्सवर ऊन पडू देऊ नका, हे सगळ्यात आधी. लेन्स भिंगाचं काम करते आणि खिडकीतून आलेलं ऊन आतला स्क्रीन कायमचा जाळतं, तो डाग जात नाही. हेडसेट पिशवीत, लेन्स झाकून. एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवायचा नाही.

लाईटचं म्हणाल तर पीसीला यूपीएस हवाच, घरच्या इन्व्हर्टरवर ग्राफिक्स कार्डवाला पीसी बहुतेक वेळा ओढत नाही. त्यात गंमत अशी की पीसी यूपीएसवर चालू राहतो पण खोलीत अंधार होतो, आणि क्वेस्ट कॅमेऱ्यानं खोली बघून जागा ओळखतो, त्यामुळं अंधारात ट्रॅकिंग जातं. एक बॅटरीवाला बल्ब लावून ठेवा.

१७. चष्मा आहे, आणि एका डोळ्यानं कमी दिसतं. जमेल का?

चष्म्यावर जमतं, फक्त लेन्सला लेन्स घासू देऊ नका, क्वेस्ट ३मध्ये अंतर वाढवायची सोय आहे. एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर दोन डोळ्यांची खोली मिळणार नाही, पण डोकं हलवलं की जवळचं जास्त आणि लांबचं कमी सरकतं, त्यावरून पण खोली कळते. त्यामुळं जागेवर पुतळ्यासारखं बसू नका.

१८. ऑपरेशनच्या आधी आमच्या सर्जनला ह्यात दाखवलं तर?

शिकायला, चर्चेला, शरीररचना डोक्यात बसवायला दाखवा. निदान आणि निर्णय ह्यावरून नाही. स्लायसर संशोधनासाठी आहे, रुग्णावर वापरायची मान्यता त्याला नाही हे करणारेच सांगतात, आणि आपल्याकडं असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतं. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचाच.

१९. पेशंटचं नाव काढलं की डेटा ग्रुपवर टाकायला हरकत नाही ना?

आहे. नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल हे डायकॉमच्या आत बऱ्याच ठिकाणी असतं, फाइलचं नाव बदलून काही होत नाही, अॅनोनिमाइज करावं लागतं. अल्ट्रासाउंडमध्ये तर नाव चित्रातच छापलेलं असतं. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट, डोक्याचा सीटी किंवा एमआरआय व्हॉल्यूम रेंडर केला की चेहरा येतो, गावातलं माणूस ओळखेल असा. म्हणून डोक्याच्या डेटाचा चेहरा पुसून मगच दुसऱ्याला द्यायचा, आणि पेशंटची लेखी संमती घ्यायची. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालेला आहे.

२०. लेकराला दाखवू का? सातवीत आहे.

मेटाचं खातं १३ वर्षांपासून, आणि १० ते १२ला पालकांच्या देखरेखीखाली. थोडा वेळ, बसवून. त्याहून लहान असेल तर हेडसेट तुम्ही घाला आणि चित्र टीव्हीवर टाका.

२१. स्कॅनर नाही, मग डेटा आणायचा कुठून?

फुकट डेटा भरपूर आहे. प्राण्यांची हाडं, कवट्या, जीवाश्म मॉर्फोसोर्सवर, कॅन्सरचे स्कॅन द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर, क्रायो-ईएम ईएमडीबीवर, आणि फ्रान्सच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे लई जोरकस एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, घेतलेले अख्ख्या अवयवांचे स्कॅन ह्यूमन ऑर्गन ॲटलसवर, ते तर बघाच. स्वतःचा नमुना असेल तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर इमेजिंगची बीमलाइन आहे, तिथं प्रस्ताव पाठवून वेळ मागता येतो. नमुना पाठवायच्या आधी रिझोल्यूशन किती पाहिजे ते ठरवा, तुकडा जेवढा मोठा तेवढा व्हॉक्सेल मोठा.

२२. थिसिसमध्ये व्हीआरचा स्क्रीनशॉट टाकला, गाईड म्हणतात पुरावा द्या. काय देऊ?

गाईडचं बरोबर आहे. स्क्रीनशॉटच्या शेजारी त्याच जागेच्या तीन दिशांच्या स्लाइस द्या, स्केल बारसकट. पद्धतीच्या प्रकरणात व्हॉक्सेलचा आकार, थ्रेशोल्ड, फाइल लहान केली असेल तर किती, आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन लिहा. स्लायसरमध्ये सीन सेव्ह करून ठेवा, म्हणजे व्हायव्हाला विचारलं तर तीच सेटिंग परत उघडता येते. हेडसेटचं मॉडेल लिहिलं नाही तरी चालतं.